नाजीची गाडी

रविवार, ५ जून १९९४

शेवटची मावशी आज सकाळी गेली. लग्नाला आठ दिवस झाले, पण माझ्या दोन्ही पेट्या उघडायला आजच सवड मिळाली. आधी हत्यारांची उघडली, कपड्यांची राहू दे म्हटलं. माहेरच्या मेतलावी गावापासून इथे स्फाक्स शहरापर्यंतच्या धक्क्यांत एक पानाही हरवला नाही. सगळं रॉकेलने पुसून जुन्या चादरीवर ओळीने मांडलं. शादली दाराला टेकून बघत होता. म्हणाला, "लोकांच्या बायका माहेरून चांदीचं तबक आणतात. माझ्या उस्तादने पाने आणले!"

हा माझा नवरा. पोस्टात नोकरी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज इतका हळू की शेजारी बसूनही कान द्यावा लागतो. जेवणात हरीसाचं, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीचं, नुसतं बोट लागलं तरी डोळ्यांतून धारा. आमच्या खाणीच्या गावात असा पुरुष औषधालाही सापडला नसता. मला तो आवडतो. तोंडावर सांगायला अजून जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहिते.

घर तनियूर रस्त्यापासून आत, बदामांच्या झाडांत. अंगणात विहीर आणि पलीकडच्या टोकाला गॅरेज. खरंखुरं गॅरेज! खाली सिमेंट, भिंतीला जाडजूड लाकडी फळी, वर उजेडासाठी काच. बाबा वारले आणि भावांनी आमचं गॅरेज विकलं, तेव्हा मी धरूनच चालले होते की माझे हात यापुढे फक्त पीठ मळणार. पण सासूबाई, म्हणजे उम्मी बेय्या, मागणी घालायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या हातचं काही चाखलंसुद्धा नाही. माझे हात ओढून उजेडात धरले, नखांतलं काळं पाहिलं आणि वहिनीला म्हणाल्या, "हीच." एकोणतिसाव्या वर्षी कुणी असं म्हटल्यावर मी काय करणार? हसले आणि हो म्हणून टाकलं.

बाबा प्रत्येक गाडीची वही ठेवायचे: काय मोडलं, काय लावलं, काय राहिलं. ही वही माझ्या संसाराची.

मंगळवार, ७ जून

गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मोटरसायकल आहे. मोटरसायकल म्हणावं इतकं तिच्यात उरलेलं नाही. सांगाडा, मागचं चाक आणि अर्धवट उघडलेलं इंजिन. आज दुपारी उम्मींनी स्वतः ताडपत्री ओढली. गाडी नाजीची. नाजी म्हणजे शादलीचा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी याच गाडीवर, मोठ्या रस्त्याला ट्रकखाली गेला. मागे शादली बसला होता. तो वाचला.

मग उम्मींनी भिंतीजवळची लाकडी पेटी उघडली. गाडीचा सुटलेला एकेक भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून स्वतः वेचून आणला होता. दिवा, पेट्रोलची टाकी, हँडल, कार्ब्युरेटर, बोटाएवढे बोल्टसुद्धा. प्रत्येक वस्तू धुऊन, मऊ जुन्या कापडात गुंडाळून, वर जिरॅनियमचं पाणी शिंपडून ठेवलेली. बाळंतविडा ठेवावा तशी.

"उभी करशील ना, पोरी?" त्यांनी विचारलं. "घाई नाही. पण जे त्याचं आहे तेच लाव. बाहेरचं काही नको."

मी म्हटलं, "उम्मी, वायरी आणि रबरं तरी बाहेरूनच आणावी लागतील."

"तेवढं चालतं," त्या चटकन म्हणाल्या, कुणाला तरी आधीच विचारून ठेवल्यासारखं.

एका आईचं मन हलकं होणार असेल तर माझ्या हातांना याहून चांगलं काम कुठलं? शादली मात्र उंबऱ्याच्या आत आला नाही. ये ना म्हटलं, तर म्हणाला की चहा थंड होतोय. चहा अजून चुलीवर चढलाही नव्हता.

रविवार, १२ जून

पहिला हात दिव्याला घातला. काच कशी कोण जाणे, शाबूत. पत्र्याची वाटी मात्र चेपून बशी झालेली. बाहेरून वाळूची पिशवी लावून आतून लाकडी हातोडीने ठोकत गेले, कडेपासून मध्याकडे, हळूहळू. घाई केली की पत्रा ताणतो आणि मग जन्मभर कुरकुरतो. अडीच तास लागले. नवीन वायरी ओढल्या, दोन बोल्टांवर दिवा सांगाड्याला बसवला आणि बॅटरी जोडली. लख्ख!

शादली शेवटी आत आला. मी चौदाचा पाना मागितला की हा बाराचा देतो, बाराचा मागितला की पक्कड. "पोस्टात तरी पत्रं बरोबर घरी टाकतोस ना रे?" मी विचारलं. "पत्रांवर पत्ता असतो, बाई," तो म्हणाला. पोट धरून हसलो.

संध्याकाळच्या चहाला त्याने वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिरातींसकट. पेले विसळताना माझ्या लक्षात आलं की त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो सकाळपासून गॅरेजच्या फळीवर पडला होता. सांगितलं तर तोही गोंधळला. म्हणाला, उन्हाळ्यात नंबर उतरत असेल. उम्मींनी नुसता पेला खाली ठेवला आणि आज लवकर नमाजाला उठल्या.

गुरुवार, १६ जून

पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ केला. माझ्या आजवरच्या कामांतलं हे सर्वांत अवघड. नळ्या दोन बोटं मागे वाकलेल्या होत्या. सहा फुटी लोखंडी पाइप घालून, रेटून, मोजून, पुन्हा रेटून. पुढचं चाक कुणीतरी आधीच छान सरळ केलंय, काही आरे नवे आहेत. कुणी, ते उम्मींनी सांगितलं नाही. चिमटा, चाक, हँडल बसलं आणि गाडी चार वर्षांनी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

शादली मदतीला होता. आज मी काही मागायच्या आत योग्य पाना पुढे येत होता. मी वरही बघत नव्हते, त्यामुळे बराच वेळ लक्षात आलं नाही की तो डाव्या हाताने देतोय.

दुपारी जेवायला बसलो. उम्मींनी शादलीचं ताट वाढलं आणि चमचा डावीकडे ठेवला. त्याने हात पुढे करायच्या आधी.

मंगळवार, २१ जून

टाकी आतून धुतली. मूठभर खिळे टाकून अर्धा तास हलवली, सगळा गंज निघाला. बाहेरचा लाल रंग ठेवला आहे, एका बाजूला खरचटलंय तेवढं तसंच राहू दे असं उम्मी म्हणाल्या.

टाकी चढवून आत आलो. ताटात माशाचं कुस्कुस, रव्याच्या वाफवलेल्या कण्यांचं. शादलीने हरीसाची वाटी ओढली, दोन मोठे चमचे वर ओतले आणि खाल्लं. डोळ्यांत टिपूस नाही. वर बोट चाटलं आणि म्हणाला, "यात लसूण कमी आहे, उम्मी!" केवढ्या मोठ्याने! बाहेर कुंपणावरची चिमणी उडाली.

उम्मी हसल्या. या घरात आल्यापासून त्यांचे दात मी आज पहिल्यांदा बघितले.

मला हसू आलं नाही. मी शादलीला विचारलं, तुला बरं आहे ना? तो म्हणाला, एकदम मस्त. मग ताटाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू दुसऱ्याच्या ताटात चुकून हात घातला.

सोमवार, २७ जून

इंजिनचं काम चालू आहे. सिलिंडर घासून घेतला, नव्या रिंगा टाकल्या, टायमिंग लावलं. मन मात्र कामात नाही.

आज दुपारी बदामाखाली सतरंजी टाकून पडलो होतो तेव्हा शादली आपण होऊन त्या दिवसाबद्दल बोलला. त्याच्या जुन्या आवाजात, कान द्यावा लागेल असा. म्हणाला, उम्मीने दोघांना बंदरावरून मासे आणायला पाठवलं होतं. परतताना उशीर झाला, आणि जरा जोरात घे असं नाजीला मीच म्हटलं. रुग्णालयात दोघांना शेजारीशेजारी ठेवलं होतं, दोघांच्याही तोंडावर रक्त. उम्मी आली. आधी माझ्याजवळ आली, डोक्यावरच्या ओढणीने तोंड पुसलं आणि ओळखलं. मी जिवंत होतो, डोळे उघडे होते. तिने मला बघितलं आणि काही न बोलता दुसऱ्या खाटेकडे गेली. "तेव्हापासून तिने माझ्याकडे बघितलेलं नाही, दलिंदा. जेवायला वाढते, कपडे धुते. बघत नाही."

मी त्याचा हात धरला. तेव्हा त्याच्या डाव्या भुवईवर एक आडवी खूण दिसली. जुनी, भरलेली. गेल्या महिन्यात तिथे काही नव्हतं. चार आठवड्यांत मी नवऱ्याचा चेहरा तेवढा तरी पाठ केलाय.

दिवाणखान्यात नाजीचा फोटो आहे. लिहिता लिहिता जाऊन बघून आले. डावी भुवई.

शनिवार, २ जुलै

क्लचची केबल आणायला भंगारबाजारात गेले होते. जुने भाग विकणारे खमैसकाका, दाढी पांढरी, कानावर पेन्सिल. गाडी कुठली ते सांगितलं तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"बेय्याची सून का तू?"

हो म्हटलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं. दोन वर्षांपूर्वी उम्मींनी ती पेटी आधी त्यांच्याकडे नेली होती. त्यांनी पुढच्या चाकाची रिम सरळ केली, आरे बदलले. "दुसऱ्या दिवशी तुझा नवरा सायकलवरून दुकानापुढून गेला आणि मला हाक मारली, 'ए फुटक्या डब्या!' पोरी, मला या नावाने हाक मारणारा जगात एकच होता. त्याच्या मयताला मी स्वतः खांदा दिलाय. तुझ्या नवऱ्याने आयुष्यात मला सलामपलीकडे शब्द टाकला नव्हता."

मी विचारलं, मग चाक परत मोडून का नाही टाकलं?

"काय मोडेल ते कुठे ठाऊक होतं?" ते म्हणाले. "सगळं पेटीत भरलं आणि तिच्या दारात ठेवून आलो. गावातल्या सगळ्या मिस्त्रींना सांगितलं, हात लावू नका. कुणी लावला नाही. मग ती नखांत ग्रीस असलेली सून शोधायला निघाली."

केबल न घेता आले. वाटेत दोनदा रस्ता चुकले. सरळ रस्ता आहे.

सोमवार, ४ जुलै

घडलं तसं लिहून ठेवते.

मी ठरवलं, जे लावलं ते काढायचं. दिव्यापासून सुरुवात. दोनच बोल्ट. भर दुपार होती, शादली स्वयंपाकघरात काकडी सोलत होता. मी बोल्ट काढले, वायरी ओढल्या, दिवा हातात घेतला.

त्याची किंकाळी गॅरेजपर्यंत आली.

धावत गेले. तो भिंत चाचपत उभा. डोळे सताड उघडे, खिडकीतून ऊन थेट तोंडावर. विचारत होता, अंधार का केलास, दलिंदा, अंधार का केलास? मी फळीवरचा चष्मा आणून त्याच्या डोळ्यांवर चढवला. तो नुसता काचेला बोटं लावत राहिला.

परत पळाले. दिवा बसवला. बोल्ट दोनदा हातातून सुटला. दुसरा आवळला आणि आतून त्याचा श्वास ऐकू आला.

आता त्याला दिसतं. पण ही नजर त्याची नव्हे. त्याची गेली ती गेली, परत यायला जागाच उरली नाही. जे काढीन ते त्याच्यातून जाईल. जे लावीन तेही त्याच्यातलंच काही ढकलून —

हे मी केलं. या हातांनी. पत्रा ताणू नये म्हणून हळूहळू.

बुधवार, ६ जुलै

म्हातारीला विचारलं. ती परातीत कुस्कुस वळत बसली होती. वळणं थांबवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तोही तुमच्याच पोटचा आहे."

तिने तळव्याखाली रवा जोरात घासला. मग म्हणाली, "दोघांना मीच पाठवलं होतं. परत यायला हवा होता तो आला नाही. हे बोलताना आईची जीभ झडायला हवी, मला कळतं. चार वर्षं वाट बघितली. झडली नाही."

मी उठायला लागले.

"तुझं काय जातंय?" ती म्हणाली. "नवरा तुला राहीलच की. धट्टाकट्टा, चारचौघांत बोलणारा. हा काय, सावलीला घाबरणारा."

"मला हाच हवाय."

तेव्हा तिने वर बघितलं. रागाने नाही. कीव आल्यासारखं. "त्याला विचारून बघ," म्हणाली.

शनिवार, ९ जुलै

विचारलं. त्याला सगळं ठाऊक आहे. मी दिवा काढला त्या दिवसापासून.

तो म्हणाला, "काल तिने माझ्यासाठी निवडुंगाचं बोंड सोललं. काटा रुतला, रक्त आलं, तरी सोललं. तोंडात भरवलं. आणि माझ्याकडे बघत होती, दलिंदा."

मी म्हटलं, तुझ्याकडे नाही. त्याच्याकडे.

"ठाऊक आहे. पण बसलो तर मीच होतो ना समोर."

मी विचारलं, आणि माझं काय? तू मला का आणलंस मग? तो म्हणाला की त्याला सुरुवातीला माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. आता माहीत आहे, आणि मी गेलो तर घरात रडणारं कुणी नसेल असं इतकी वर्षं वाटत होतं, आता तू आहेस, एवढ्यावर भागवून घेईन. असं म्हणून रडायला लागला. मी त्याला घट्ट धरलं. त्याच्या अंगाला तंबाखूचा वास येतो. तो विडी ओढत नाही.

इंजिन जवळजवळ झालंय. फक्त कार्ब्युरेटर राहिलाय. तो पेटीतच आहे, अजून लावलेला नाही. न लावलेलं काढलं तर कुणाचं काही जाणार नाही. अर्धा तर अर्धा. अर्ध्या शादलीबरोबर मी राहीन.

सोमवार, ११ जुलै

दुपारी सगळे पडले होते. कार्ब्युरेटर कापडासकट विहिरीत टाकला. पाणी खोल आहे, आवाज यायला वेळ लागला.

सहा दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवार, १२ जुलै

पोस्टातून आला, म्हातारीने दारातच कानात काही सांगितलं, तो सरळ विहिरीवर. दोर कमरेला बांधला. मी ओरडले, शादली, तुला गच्चीच्या कठड्याशी उभं राहवत नाही! त्याने ऐकलं नाही. उतरला. म्हातारी काठावर दोर धरून बसली. तिच्या अंगात एवढी ताकद कुठून —

वर आला. चिंब. दातांत कापडाचं गाठोडं.

गॅरेजमध्ये गेला. मी दारात उभी. माझी पेटी उघडली, माझे पाने घेतले, डाव्या हाताने. कार्ब्युरेटर पूर्ण खोलला, पेट्रोलने धुतला, बारीक छिद्रं फुंकर मारून उजेडात बघितली. मला त्याला अर्धा तास लागतो. त्याला दहा मिनिटं पुरली. शीळ घालत होता.

माझी गरजच संपलीय. हात त्याचे झालेत.

मी दारातून हललेच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मिस्त्री दुकानापुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो तसं. मग एकदम हळू, अगदी हळू आवाजात म्हणाला, "दलिंदा, उद्या सकाळी मला इथून ने. सकाळी मी जास्त असतो."

तो शादली होता. तोच होता.

कार्ब्युरेटर चढला नाही आज. ओठांतून रक्त येईपर्यंत दात आवळून त्याने हात फळीखाली दाबून धरले होते.

बुधवार, १३ जुलै

सकाळी सात. त्याला घेऊन निघाले. गफ्साला जाणाऱ्या शेअर टॅक्सीत शेजारी शेजारी बसलो, सात जण भरले, आठवा येईना. मी त्याचा हात धरून होते. आपण मेतलावीला राहू, तू तिथल्या पोस्टात लाग, मी गॅरेज — असं बडबडत होते. तो मान हलवत होता.

मग मान हलायची थांबली. माझ्याकडे वळून म्हणाला, "माफ करा, बाई, तुमचं नाव काय?"

सांगितलं. पुन्हा सांगितलं.

त्याने माझा हात आपल्या हातातून सोडवला, अदबीने. खाली उतरला, एका म्हाताऱ्याला आपली जागा दिली आणि चालायला लागला. तनियूर रस्त्याकडे. मी मागे धावले. उन्हात पाच किलोमीटर, त्याने एकदाही वळून —

घरी म्हातारीने त्याचे पाय धुतले.

गुरुवार, १४ जुलै

सकाळ. मी जास्त असतो म्हणाला होता. नव्हता.

खमैसकाकांकडे जाऊन यावं का? काय करतील ते?

दुपार

कार्ब्युरेटर चढला. मी बघायला गेले नाही. इथवर ऐकू येतं — बोल्ट आवळताना तो प्रत्येकाला शेवटी एक अर्धा आटा जास्त देतो. मी देत नाही.

आमच्या खोलीत आहे. कडी लावलीय. बाबांचा हातोडा घेतला आहे. कशासाठी घेतला ते मला माहीत नाही. इंजिनावर घातला तर तो मरेल. इंजिनावर नाही घातला तरी —

किक. धरलं नाही.

पुन्हा. इंजिन थंड आहे. पेट्रोल वर चढायला वेळ —

माझ्या तोंडून पुटपुटणं चाललंय, धरू नको, धरू नको. आणि माझे कान वाट बघतायत की धरतंय का. देवा, मला माफ कर, कान वाट बघतायत —

धरलं.

नीट चालतंय. कुठे अडखळत नाही, धूर नाही, ठोका सरळ. इतकं चांगलं इंजिन मी आजवर केलं नव्हतं.

म्हातारी अंगणात झगरूत घालतेय, जीभ वळवून आनंदाची किलकारी. लग्नात घालतात तसं लांबच लांब. माझ्या लग्नात ती गप्प होती.

बंद केलं इंजिन.

पावलं. अंगणातून. जड, बेफिकीर. शादली चालतो तेव्हा ऐकू येत नाही. यायचं नाही.

दार ढकललं. "कडी का लागलीय? उम्मी, आत कोण आहे?"

केवढा आवाज.

आणि ती — अगदी प्रेमाने, त्याच्याशी बोलते तशी — "कुणी नाही रे, राजा. गाडी दुरुस्त करायला आली होती. जाईल आता."

तो हसतोय. म्हणतो, हात चांगला आहे बाईंचा. बाहेर या, तोंड तरी बघू.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, शादली.

हसू थांबलं.

पुन्हा म्हटलं. शादली, मी आहे. मला तू आवडतोस. सांगायचं राहिलं होतं.

म्हातारी त्याला ओढतेय, चल, चहा ठेवलाय, चल. तो हलत नाही. दारावर काहीतरी टेकलं. कपाळ असावं.

कडी काढते. हातोडा उजव्या हातात. आधी डोळ्यांत बघेन. त्यांत तो एवढासा जरी कुठे असला तर मी त्याला घेऊन — आणि नसला, तर गॅरेजपर्यंत वीस पावलं आहेत, मी तिच्यापेक्षा जोरात धावते, आणि पहिला घाव इंजिनावर